स्टिअरिंगमधली ७ सेंटीमीटर ढिलाई

बाबांची जुनी फोर बाय फोर मी चालवायला घेतली तेव्हा सरळ रस्त्यावरही माझे हात सतत डावी-उजवीकडे चालू असायचे. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर गाडीला पत्ताच लागायचा नाही, आणखी थोडं फिरवलं की ती एकदम वळायची. ५५-६० च्या वेगात पुढचं चाक एखाद्या खड्ड्यावरून गेलं की अख्खं स्टिअरिंग हातात थडथडायला लागायचं आणि वेग ३० च्या खाली येईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा गाडी कडेला घेऊन मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

गाडी जुन्या पद्धतीची आहे. पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा), दोन्ही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग), पॉवर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे आत दाते असलेला डबा, चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्टने बसवलेला. त्यातून पिटमन आर्म नावाचा छोटा दांडा निघतो, आर्मपासून ड्रॅग लिंक ही लांब दांडी पलीकडच्या चाकापर्यंत जाते आणि टाय रॉड दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. मोजून सात-आठ सांधे. तरीही नेमका दोष सापडायला मला चार महिने लागले, कारण सुरुवातीला मी सांधे बघितलेच नाहीत. लोक सांगतील ते बदलत गेले.

पहिला सल्ला सगळ्यांचा एकच होता: बॉक्सवरचा स्क्रू आवळून घ्या. एका गॅरेजमध्ये तो आवळून घेतला. ढिलाई थोडी कमी वाटली, पण वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होईना, ते ओढून आणावं लागायचं. कारण मला नंतर कळलं. तो स्क्रू बॉक्समधले दात एकमेकांच्या जवळ आणतो. या बॉक्समध्ये चाकं सरळ असताना दात मुद्दाम जास्त जवळ बसतात आणि कडेला वळल्यावर सैल होतात. म्हणून तो स्क्रू चाकं अगदी सरळ ठेवूनच आवळायचा असतो. माझ्या गाडीचा आवळला तेव्हा चाकं एका बाजूला वळलेली होती. तिथे ‘बरोबर’ वाटलेलं मध्यावर येताना अडकत होतं. मी तो पूर्वीच्या जागी सोडवून घेतला.

मग स्टिअरिंगचा डॅम्पर बदलला. थडथड गेली, महिनाभराने परत आली. डॅम्पर हादरा पिऊन टाकतो, पण हादरा जिथून निघतो तिथे त्याचा काही संबंध नसतो. आज मागे वळून पाहताना मला तो महिनाच सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण आजार बरा झाला असं समजून मी गाडी जास्त वेगात चालवत होते. अलाइनमेंटही दोनदा करून घेतली. सैल सांध्यांवर केलेलं माप पहिल्या खड्ड्यात बदलतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटी एक वही घेतली आणि तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या. स्टिअरिंग फिरतं पण चाक फिरत नाही, ही एक. सरळ रस्त्यावर गाडी भटकते आणि वळणानंतर सरळ होत नाही, ही दुसरी. खड्ड्यानंतर थडथड, ही तिसरी. तोपर्यंत मी या सगळ्याला ‘स्टिअरिंग खराब’ असं एकच नाव देत होते आणि म्हणून उपायही एकच शोधत होते.

साध्या गोष्टी आधी उरकल्या. टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी केली. चाकांच्या आतल्या बाजूला वाळून घट्ट झालेला चिखल होता, तो खरवडून काढला. बाहेरून तो दिसत नाही, पण चाकाचा तोल बिघडवायला पुरतो. थोडं चालवून आल्यावर दोन्ही चाकांच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात नेऊन पाहिला, कारण एका बाजूचा ब्रेक घासत असेल तरी गाडी ओढते आणि तो हब जास्त तापतो. दोन्ही सारखेच कोमट होते. चिखल काढल्यावर बारीक कंप गेला, बाकी सगळं जिथल्या तिथे.

मग ढिलाई मोजायला घेतली. स्टिअरिंगच्या कडेवर कागदी चिकटपट्टी लावली, डॅशबोर्डला एक पट्टी बांधली आणि चाक हलू लागेपर्यंत कड किती सरकते ते पाहिलं. ७ सेंटीमीटर! माझ्या स्टिअरिंगचा व्यास ४० सेंटीमीटर आहे, म्हणजे हे जवळपास २० अंश झाले. बॉक्सचं प्रमाण २० ला १ (स्टिअरिंग २० अंश फिरलं की आर्म १ अंश) धरलं तर पिटमन आर्मपाशी उरला १ अंश. १५ सेंटीमीटर लांबीच्या आर्मच्या टोकाला १ अंश म्हणजे अडीच मिलीमीटर. हे गणित वहीत मांडल्यावर सगळं चित्रच बदललं. मी हाताला खडखडणारा, डोळ्यांना सहज दिसणारा मोकळा सांधा शोधत होते, आणि खरं तर मला मिलीमीटरचे तुकडे शोधायचे होते. खालचा एक मिलीमीटर वर हातात जवळजवळ ३ सेंटीमीटर होऊन येतो.

तपासणीची पद्धत सोपी आहे, फक्त दोन माणसं लागतात. एकाने स्टिअरिंग धीम्या लयीत डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेक सांधा बघायचा. पहिल्यांदा मी पुढचा भाग जॅकवर उचलून हे केलं आणि काहीही दिसलं नाही. चाक हवेत असलं की सांध्यांवर जोरच येत नाही, सगळं एकत्र गुण्यागोविंदाने हलतं. टायर जमिनीवर हवेत, गाडीचं पूर्ण वजन त्यांच्यावर हवं. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून बघावं लागतं. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना मागे-पुढे लाकडी ठोकळे हवेतच.

धाकट्या भावाला खाली झोपवलं, मी वर बसले. स्टिअरिंगचा दांडा बॉक्सला जिथे जोडतो त्या कपलिंगवर बोट ठेवून तो म्हणाला, “इथे जरासं.” कपलिंगचा बोल्ट सैल होता, स्टिअरिंगच्या कडेवर मोजलेल्या ७ पैकी अर्धा सेंटीमीटर तिथला. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरल्यावर आर्म हलेपर्यंत दीड सेंटीमीटर, तो बॉक्सच्या आतला. ड्रॅग लिंकच्या चाकाकडच्या टोकाला दीड. तिथे नुसतं बघून कळेना, पण सांध्याच्या दोन्ही भागांवर मिळून बोट टेकवलं की टिकटिक लागायची. बोटाला जे कळतं ते अंधारात डोळ्याला कळत नाही, हे तेव्हापासून मी पक्कं लक्षात ठेवलंय.

एवढ्यात तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, “ताई, आर्म नाही, हा डबाच हलतोय.”

मी उतरून खाली गेले, तो वर बसला. खरंच, चाकाला जोर बसू लागला की आर्म जागच्या जागी थांबायचा आणि अख्खा स्टिअरिंग बॉक्स चॅसीच्या भिंतीसकट किंचित बाहेर यायचा, जोर सोडला की परत आत. बोल्ट घट्ट होते. तारेच्या ब्रशने तिथला गंज आणि वर्षानुवर्षांचं ग्रीस काढलं तेव्हा वरच्या बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी चीर दिसली, तिच्या कडेला गंजाची तांबडी रेघ. अडीच सेंटीमीटर ढिलाई तिथली होती. म्हणजे बॉक्सचा स्क्रू आवळून घेताना मी बॉक्स धरून ठेवणारी जागाच बघितली नव्हती.

त्या दिवसानंतर ती चीर दुरुस्त होईपर्यंत गाडी एक फूटही हलवली नाही. ही चीर वाढत गेली तर एक दिवस बॉक्स चॅसीपासून सुटतो आणि मग स्टिअरिंग असून नसल्यासारखं. बाकी सगळी ढिलाई सोसून गाडी हळू चालवता येते, ही नाही. तुमच्या जुन्या गाडीत दुसरं काही बघायला वेळ नसेल तर निदान ही एक जागा घासून स्वच्छ करून बघाच, एवढं मी अगदी कळकळीने सांगेन.

वेल्डिंगचं काम चॅसीच्या कामात हात बसलेल्या माणसाकडूनच करून घेतलं. त्याने बॅटरीची वायर काढली, चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळणार नाही, खाच करून वेल्डिंग भरलं आणि वरून जाड पट्टी बसवली. चॅसी आतून पोकळ असल्यामुळे बोल्ट आवळताना तिच्या भिंती दबतात. म्हणून बोल्टच्या भोकांत आतून नळीचे तुकडे घातले. जुनी चीर यायचं एक कारण तेच असावं, असं त्याचं मत होतं.

७ पैकी शेवटचा एक सेंटीमीटर शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाकी सांधे सगळे घट्ट, तरी चाक उशिरा वळायचं. शेवटी ॲक्सलकडे बघत राहिले तेव्हा दिसलं: ड्रॅग लिंकने ढकललं की आधी अख्खा ॲक्सल थोडा आडवा सरकतो आणि मग चाक वळतं. पाट्यांची टोकं चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्यांमधले, म्हणजे शॅकलमधले, बुश (सांध्यातली नळकांडी) झिजून अंडाकृती झाले होते.

थडथडीचा माग वेगळा काढला. पुढचा भाग उचलून ॲक्सलखाली स्टँड लावले आणि चाक वर-खाली धरून हलवलं. डाव्या बाजूला ठकठक. हे किंगपिन (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) की चाकाचं बेअरिंग? भावाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबला की हब आणि नकल (किंगपिनवर वळणारा भाग) एकमेकांना धरून ठेवतात. मग ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. ढिलाई गेली. बेअरिंग काढून धुतलं, रोलर चांगले होते, नुसता नट सैल झालेला. नवं ग्रीस भरून, चाक फिरवत नट आवळून, मॅन्युअलप्रमाणे थोडा मागे घेतला आणि लॉक केला.

पण गाडी भटकते का आणि स्टिअरिंग परत का येत नाही, याचं उत्तर अजून बाकी होतं. त्यासाठी कॅस्टर, म्हणजे किंगपिन मागे किती कललेली आहे तो कोन, मोजला. किंगपिनची रेषा वरच्या बाजूला मागे कललेली असते, त्यामुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. मॅन्युअलमध्ये ३ अंश लिहिले होते. किंगपिनच्या टोपीची सपाट बाजू घासून त्यावर कोनमापक ठेवला तर एक अंशही भरेना. बाबांना विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं, “खाली घासायची म्हणून मी पुढे लांब शॅकल लावले होते.” मोजले, मूळ शॅकलपेक्षा ४ सेंटीमीटर लांब. आमच्या गाडीत शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. मीटरभर लांबीच्या पाट्याचं पुढचं टोक ४ सेंटीमीटर खाली गेलं की पाटा सव्वादोन अंश पुढे कलतो आणि ॲक्सलही तेवढाच पुढे झुकतो. तीनातून सव्वादोन गेले, उरले पाऊण.

पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालूनही कॅस्टर परत आणता येतो. मी ते केलं नाही, कारण त्याने पिनियनचं, म्हणजे ॲक्सलमधल्या ज्या दातेरी भागाला प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्याचं, तोंड खाली जातं आणि उंच गाडीत इंजिनची ताकद पुढच्या ॲक्सलला नेणाऱ्या त्या शाफ्टच्या सांध्यावर आणखी ताण येतो. मूळ लांबीचे शॅकल नव्या बुशसकट लावले. गाडी पुढून थोडी खाली आली. बाबांना ते फारसं आवडलं नाही, हे मला दिसलं, पण कोन मोजून दाखवल्यावर ते हो म्हणाले.

टो-इन, म्हणजे चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं, सगळ्यात शेवटी. टायरच्या मध्यावर खडूची खूण केली, दोन्ही खुणांमधलं अंतर पुढून मोजलं, मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजलं. त्याच खुणा वापरल्या की टायर थोडा वाकडा असला तरी माप चुकत नाही. पुढचं अंतर ३ मिलीमीटर कमी येईल असा टाय रॉड लावला.

कपलिंगचा बोल्ट आणि ड्रॅग लिंकचं टोकही नीट झालं होतं. मग चिकटपट्टी परत मोजली. २ सेंटीमीटर. जवळजवळ सगळी बॉक्समधली. आता चाकं नीट सरळ ठेवून तोच स्क्रू मी फेऱ्याचा आठवा भाग आत घेतला, लॉकनट धरला, कडेपासून कडेपर्यंत फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहिलं. दीड सेंटीमीटर राहिली, तिथेच थांबले.

पहिल्या फेरीला त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यावरून आधी ४० ने, मग ५० ने, मग ६० ने गेले. एक धक्का बसला आणि स्टिअरिंग शांत राहिलं. बाबा शेजारी होते. त्यांनी नंतर स्वतः चालवली आणि वळणावर हात सैल सोडून स्टिअरिंग परत येताना बघत राहिले. बॉक्स आणि चॅसी यांवरून मी पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे. दर ५०० किलोमीटरला खाली वाकून ती बघते. अजून ती एकसंध आहे.