रकाना चुकला

तान्ह्या पोळ्याला पहाटे आमच्या गावात "घेऊन जा गे मारबत" ओरडत पळसाच्या फांद्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. मारबत म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणारी. खोकला, खरूज, ढेकूण, मच्छर, सगळं तिच्यासोबत धाडायचं. यंदा पुतण्याला झोपेतून उठवून मीच निघाले. दुर्बीण गळ्यात होतीच.

आम्ही साकोली तालुक्यातले. गावाला मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे जुने जमीनदार. ते गेले, तलाव राहिले. त्याच्या पाळीखाली पाणी पाझरून एक बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, कायम चिखलाचीच असते, रोवणीही होत नाही. कडेला बेशरमाची झुडपं माजलेली, वास तर विचारू नका. मी रोज तिथून नाकाला पदर लावून झपझप जाते. पक्षी बघायचे ते वरच्या कमळांत, असंच डोक्यात बसलेलं.

फांदी टाकून वळले तर बेशरमाच्या बुडाशी एक डोळा दिसला. भोवती पांढरं कडं आणि मागे ओढलेली रेघ, काजळाऐवजी चुन्याने आखल्यासारखी. मग हळूहळू पूर्ण पक्षी सुटा झाला. तितराएवढा, मान-छाती चिंचोक्याच्या रंगाची, खांद्यावरून दप्तराच्या पट्ट्यासारखा पांढरा पट्टा. लांब चोच, टोकाशी किंचित वाकलेली. शेजारी दुसरा, चिखलाच्याच रंगाचा, पंखांवर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके. दोघंही दगड झालेले.

"काकू, मेले का हे?" पुतण्या कुजबुजला.

तेवढ्यात रंगीत असलेल्याने बूड खालीवर, खालीवर हलवलं आणि दोघं पाय लोंबकळत उडून पलीकडच्या बांधीत उतरले. मोबाईलच्या फोटोत आलं ते फक्त बेशरम.

पाळीवर जाळं झटकणारे ढीवर काका केव्हापासून बघत होते. "काय पायता जी बाई, एवढ्या चिकलात?" मी वर्णन केलं. ते हसले. "तो त सांजच्यान बोंबलते. शिशीत फुकल्यावानी."

म्हणजे मी पहिल्यांदा बघितला, एवढंच.

मी गावात ऑनलाइन फॉर्म भरून देते, त्यामुळे रकाने आपोआप भरले जातात. घरी येऊन वहीत लिहिलं: रंगीत तो नर, मळकट ती मादी. मोर बघत वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? दुपारी पुस्तक उघडलं, तर रंगीत पाणलावा, आणि उलटंच! नटलेली ती मादी. घुमणारीही मादीच. ती अंडी घालून निघून जाते आणि पुन्हा दुसऱ्या नराशी जोडी जमवते. उबवणं, पिल्लं फिरवणं मळकट बाबाकडे. दोन्ही रकाने पेनाने खोडले. हिरव्या शाईचं पेन होतं, पान विद्रूप झालं.

सासूबाई वाल सोलत होत्या, त्यांना सगळं वाचून दाखवलं. उबवण्याच्या भागापर्यंत त्यांना मोठी मजा वाटली. सासऱ्यांकडे बघून दोनदा हसल्याही. दुसऱ्या नराशी आले तेव्हा सोलणं थांबलं.

"पोरासमोर नोको सांगू असं," म्हणाल्या.

पोरगा केव्हाच शिशी शोधायला गेला होता.