परतीची वाट ठेवून सजवलेले घर

आमच्या घरात दुकानातून कोरी आणलेली वस्तू शोधावी लागते. बहुतेक सामान दोन वाटांनी आले आहे: काही आजीकडून आणि मावशीकडून चालत आले, काही जुन्या बाजारातून निवडून आणले, आणि या दोहोंपैकी बऱ्याच वस्तूंवर मी माझ्या हाताने रंग चढवला. अशा तऱ्हेने घर सजवताना मी एकच कसोटी लावते. वस्तूत जो बदल करायचा तो असा असावा, की उद्या माझे किंवा माझ्यानंतर ती वस्तू वापरणाऱ्याचे मन बदलले तर तो बदल मूळ वस्तूला इजा न होता काढून टाकता यावा. संग्रहालयांत जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणारे तज्ज्ञही शक्यतो याच तत्त्वाने चालतात. घरातल्या खुर्च्या-कपाटांना ते तितकेच लागू पडते, असे माझे ठाम मत आहे.

वडिलोपार्जित वस्तूंच्या बाबतीत लोक सहसा दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण ती वस्तू इतकी जपतात, की ती माळ्यावर कापडात गुंडाळून पडून राहते. काही जण नव्या घरात ती शोभणार नाही म्हणून पहिल्या संधीला मोडीत काढतात. मला दोन्ही पटत नाही. लाकडी वस्तू बंद आणि दमट जागेत ठेवली की तिला बुरशी आणि कीड लागते. रोज हाताळली जाणारी, पुसली जाणारी वस्तू बरीच निकोप राहते. माझ्या आजीची लाकडी पेटी आता पलंगाच्या पायथ्याशी आहे आणि तिच्यात चादरी-अभ्रे राहतात. आतली बाजू जुनाट दिसत होती, म्हणून तिला फुलांचे सुती अस्तर केले. मात्र ते कापड पेटीला चिकटवले किंवा ठोकले नाही. पातळ पुठ्ठ्याचे पाच तुकडे आतल्या मापाने कापून, त्यांच्यावर कापड ताणून, ते तुकडे एकमेकांच्या आधाराने नुसते सरकवून बसवले आहेत. पेटीच्या तळाशी आणि कप्प्याच्या पाठीवर सुताराने पेन्सिलीने घातलेले सारखेच आकडे आहेत, कोणता कप्पा कुठे बसतो याची त्याने स्वतःसाठी केलेली ही खूण. पुठ्ठा उचलला की ते आकडे जसेच्या तसे दिसतात.

रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी वस्तूवर आधी काय लावलेले आहे, ते ओळखणे आवश्यक असते. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला किंवा खणाच्या खालच्या कडेला, कापसाच्या बोळ्याने पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट टेकवावे. थोड्या वेळात थर मऊ आणि चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने थर विरघळला, तर ते बहुधा लॅकर असते. दोन्हींना दाद देत नसेल, तर तेलाचे वार्निश किंवा पॉलियुरेथेनसारखा कठीण थर आहे असे समजावे. ही ओळख पटली की निम्मे काम हलके होते, कारण लाखेचे पॉलिश नुसते फिके पडले असेल तर रंगाची गरजच उरत नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने जुना थर सैल करून, त्यावर नव्या लाखेचे पातळ हात दिले की तीच वस्तू उजळून निघते.

मग रंग द्यावा कशाला? जिच्या लाकडाच्या रेषा सुंदर आहेत आणि पॉलिश शाबूत आहे, त्या वस्तूला मी रंग देत नाही, मग ती खोलीतल्या इतर सामानाशी कितीही विसंगत दिसो. जिच्यावर आधीच ऑइलपेंटचे थर आहेत, जिच्या दुरुस्तीत दोन-तीन प्रकारचे लाकूड जोडले गेले आहे, जिच्यावर शाईचे किंवा पाण्याचे खोलवर गेलेले डाग आहेत, किंवा जी मुळातच साध्या फळ्यांची बनवलेली आहे, तिच्यासाठी रंग हे वरदान आहे. विनियरच्या, म्हणजे वरती चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या, वस्तू अधिक सांभाळून हाताळाव्या लागतात. हल्लीचे विनियर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते आणि मशिनने घासताना ते बघता बघता आरपार जाते. म्हणून तिथे हातानेच आणि बारीक पॉलिशपेपरनेच काम करावे.

रंगकामाचा क्रम मी काटेकोरपणे पाळते. आधी मिनरल टर्पेंटाइनने पुसून वर्षानुवर्षांचे मेण आणि तेलकटपणा काढायचा, कारण मेणावर कोणताही रंग टिकत नाही. नंतर १८० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच घासायचे. लाकूड उघडे पाडणे हा हेतू नसतो, तर चकाकी मारून नव्या थराला पकड मिळवून देणे एवढाच असतो. त्यानंतरचा टप्पा बरेच लोक गाळतात आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: रंगाच्या आधी लाखेचा एक पातळ हात. यासाठी मेण काढलेली लाख घ्यावी लागते, नाहीतर वरचा थर तिला धरत नाही. या एका हाताने दोन कामे होतात. लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि गाठींमधला चीक वर येऊन पांढऱ्या रंगावर पिवळे-तपकिरी डाग उमटवतात, त्यांना लाख अडवते. आणि रंग लाकडाच्या छिद्रांत शिरत नसल्यामुळे पुढे कधी तो काढायचा ठरला, तर तो पुष्कळ सहजपणे निघतो. एरवी लाकडाच्या रेषांत मुरलेला रंग खरवडून काढताना लाकूडही निघते. त्यावर प्राइमर, भोके असतील तर ती बुजवायला लांबी (पुट्टी), पुन्हा घासणे आणि मग रंगाचे दोन किंवा तीन पातळ हात. पाण्यात मिसळणारा रंग काही तासांत वाळलेला दिसतो, परंतु तो पूर्ण कठीण व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर वरती जड वस्तू ठेवली तर तिचा ठसा उमटतो आणि कपाटाची दारे चौकटीला चिकटतात. ज्यांना लाकूड उघडेच ठेवून जवसाचे तेल लावायचे असेल, त्यांनी तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते तेल तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

जुन्या रंगाच्या बाबतीत एक इशारा द्यायलाच हवा, कारण त्याचा संबंध लहान मुलांच्या जिवाशी आहे. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असायचे. घरांच्या आतल्या रंगकामात शिशाचा पांढरा रंग वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ मध्येच झाला होता, तरीही घरगुती रंगांतून शिसे हद्दपार व्हायला अनेक दशके गेली. अमेरिकेत त्यावर बंदी आली ती १९७८ मध्ये. त्यामुळे जाड, भेगाळलेला, खपल्या निघणारा जुना रंग दिसला, तर तो कोरडा घासू नये किंवा तापवून काढू नये. शिसे तपासण्याचे संच मिळतात, ते वापरावेत. शंका राहिलीच तर ते काम जाणकाराकडे सोपवावे. लहान मुलाचा पाळणा किंवा मुले दातांनी चावतील अशी कोणतीही वस्तू असेल, तर मी तिच्या वाटेला जात नाही.

जुन्या बाजारात वस्तू निवडताना मी ती आधी उलटी करून पाहते. दर्शनी बाजू सगळेच पुसून ठेवतात. खरे काय ते खालची आणि पाठीमागची बाजू सांगते. खण पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे पाहावेत: खिळे ठोकलेला कोपरा पुढेमागे सैल होतो, तर दातेरी खाचांनी एकमेकांत अडकवलेल्या फळ्या बराच काळ टिकतात. बारीक गोल भोके दिसली म्हणजे कीड आहेच असे नाही, ती जुनी आणि निर्जीव असू शकतात. पण भोकांखाली ताजा, फिकट रंगाचा, मैद्यासारखा भुसा पडत असेल, तर ती वस्तू कितीही मनात भरली तरी घरात आणू नये. गादीच्या किंवा कापडी बैठकीच्या वस्तूंत शिवणींच्या आत ढेकूण राहतात, म्हणून तिथे मी लाकडी सांगाडा तेवढा चांगला आहे का हे पाहते आणि गादी नवीन करून घेते. पितळेच्या मुठी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या मुठींना लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वरती नुसता मुलामा.

खुर्ची घेताना मात्र तीत बसून, अंग डावी-उजवीकडे झुकवून पाहणे हाच खरा उपाय. सांधे डुगडुगले म्हणून खुर्ची टाकाऊ ठरत नाही. जुने सुतार सांधे जोडायला सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओल मिळाली की मऊ होतो, त्यामुळे सांधा न मोडता उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा जोडता येतो. हल्लीचा पांढरा गोंद एकदा लाकडात मुरला की तशी सोय राहत नाही, शिवाय त्याच्या थरावर नवा गोंद नीट धरतही नाही. म्हणून जुन्या खुर्चीच्या सैल सांध्यात घाईने पांढरा गोंद ओतू नये, आणि स्क्रू तर मुळीच पिळू नये. त्याने कडेचे लाकूड फाटते. वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या गोलसर पाठीच्या खुर्च्या मला विशेष आवडतात. फर्निचर बनवणारे मिखाएल टोनेट यांनी १८५९ मध्ये आणलेली त्यांची चौदा नंबरची खुर्ची या घराण्यातली मूळ मानली जाते. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यावर ती उभी राहायची, आणि सुट्या भागांच्या रूपात अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. आमच्याकडे या घाटाची एक निनावी खुर्ची आहे. तिचे स्क्रू काढून, भाग सुटे करून, फाटलेली वेताची विण बदलून घेतली आणि पुन्हा जुळवली. तिच्या पायांना गडद निळा रंग दिला आहे, पाठीला मात्र नाही. वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर कशा फिरतात, ते झाकायला माझा हात धजावला नाही.

वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वस्तू एका खोलीत नांदायच्या असतील, तर त्यांचा संच जुळण्याची आवश्यकता नसते. त्यांची मापे जुळावी लागतात. बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर आणि टेबल ७५ सेंटिमीटर, म्हणजे मध्ये ३० सेंटिमीटरच्या आसपास जागा, एवढे पाळले की चार निराळ्या घाटांच्या खुर्च्याही एका टेबलाभोवती शोभतात. एखादी खुर्ची ठेंगणी असेल, तर पाय कापण्या-जोडण्यापेक्षा उशीची जाडी वाढवावी. रंगाच्या बाबतीत मी एका खोलीत एकच ठळक रंग निवडते आणि तो लांब-लांब अंतरावर पुन्हा येईल असे पाहते: खुर्चीचे पाय, फडताळाची आतली बाजू, एखाद्या चौकटीची कड. फडताळाच्या फक्त आत रंग देणे ही युक्ती फार थोडे लोक करतात, पण तिचा परिणाम सुरेख होतो. बाहेरचे जुने पॉलिश तसेच राहते आणि कपबश्यांच्या मागे रंग खुलून दिसतो. रंग डब्याच्या झाकणावरून किंवा छापील पट्टीवरून निवडू नये. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात वस्तूशेजारी ठेवून पाहावा. पिवळसर दिव्याखाली निळा रंग मळकट दिसतो आणि तांबूस रंग उठून येतो, हे स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही.

काही गोष्टींना हात न लावणेच इष्ट असते. जुन्या आरशाच्या कडांना काळपट ठिपके येतात, कारण काचेच्या पाठीमागचा धातूचा थर ओल लागून खराब होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक पद्धत शोधली, त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. असा फार जुना आरसा हाती लागला, तर त्याची पाठ खरवडू नये. ठिपक्यांचा आरसा ओसरीवर किंवा दिव्यामागे लावला की उजेड मऊ करून परत फेकतो. चेहरा पाहायला दुसरा आरसा असतोच. कापडाचेही असेच. आईच्या जुन्या साडीचा भरतकाम केलेला पदर मी चौकटीत लावला, तेव्हा तो गोंदाने न चिकटवता धुतलेल्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी शिवला, काच त्याला टेकणार नाही एवढी फट ठेवली आणि चौकट थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर टांगली. उन्हाने विटलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही.

प्रत्येक वस्तूचे काम संपले, की तिच्या जुन्या मुठी, बिजागऱ्या आणि स्क्रू एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी तिच्याच आत, खणाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवते. शेजारी एक चिठ्ठी असते: खाली लाख आहे, वर कोणता प्राइमर, रंगाची कंपनी, छटेचा नंबर आणि महिना-साल. कड उडाली की तीच छटा पुन्हा मागवता येते, आणि मावशीच्या कपाटाच्या बाबतीत ही चिठ्ठी माझ्या भाचीच्या कामी आली. तिने ते कपाट मागून नेले, हिरवा रंग उतरवला, पिशवीतल्या पितळी मुठी परत बसवल्या, आणि आता ती त्यात पुस्तके ठेवते.