तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याच्या बाटल्या का नाही पाठवत?

सुट्टीत गावी आले की कुणीतरी विचारतंच, "लढाईतून पळून आलेल्या लोकांना पाणी द्यायचं तुझं काम ना? मग सरळ बाटल्या का नाही पाठवत?" विचारणाऱ्याला खरंच कळवळा असतो, म्हणून नीट सांगते.

जुलै 2016 मध्ये दक्षिण सुदानात पुन्हा लढाई पेटली. माणसं पोरंबाळं घेऊन सीमेपलीकडे उत्तर युगांडात आली. यूम्बे जिल्ह्यात ऑगस्टमध्ये बिडीबिडी वसाहत उघडली आणि वर्ष सरायच्या आत तिथे अडीच लाखांवर माणसं झाली. आणीबाणीत माणशी रोज किमान 15 लिटर धरतात. पिणं, रांधणं, अंग धुणं, सगळं त्यातच. म्हणजे रोज साडेसदतीस लाख लिटर. त्याच वर्षी मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली होती, आठवते ना? तिच्या 50 वाघिणींत 25 लाख लिटर मावायचं. तशा दीड गाड्या, रोज. आणि तिथे रूळ नाहीत, मातीचे रस्ते आहेत. नाईलचं पाणी टँकरने आणायचं, आणि पाऊस झाला की टँकर चिखलात रुतायचे. म्हणून बोअर, सौरपंप आणि पाइपलाइन हाच टिकाऊ मार्ग. टँकर तोवरचा, आणि भयंकर महागडा.

पण मला सांगायचंय ते नळाच्या पुढचं.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा माणूस जंतू मारायला टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पाण्यात टाकतो आणि क्लोरीन उरलाय का ते बघायला ओटी टेस्ट घेतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. तिथे आम्ही त्याच तपासणीसाठी डीपीडी नावाची गोळी टाकायचो, क्लोरीन असला की रंग गुलाबी यायचा. एका सकाळी नळावर छान गुलाबी रंग आला. तेच पाणी भरलेला एका बाईचा पिवळा कॅन संध्याकाळी तिच्या झोपडीत तपासला. नळी हलवली, उजेडात धरली. रंग नाहीच. कॅनला झाकण नव्हतं, आत हिरवट थर होता, आणि धाकटा पोरगा त्यातच पेला बुडवत होता.

दुभाष्यामार्फत ती म्हणाली, "नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. प्यायला मी ओढ्याचं आणते." मला माझी आजी आठवली. टीसीएल टाकलं की तीही विहिरीवर जायची. त्या बाईला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. घर जळालेलं, नवरा मागे राहिलेला, आणि वर अनोळखी वासाचं पाणी लेकरांना पाजायचं; तिची शंका रास्तच होती. तिच्याजवळ बसून समजावणं हाही पाणीपुरवठाच.

दक्षिण सुदानातल्याच माबानच्या छावण्यांमध्ये 2012-13 मध्ये हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, पसरला होता. तिथल्या मोजमापांतूनही हेच दिसलं, की नळावर पुरेसा वाटणारा क्लोरीन घरी पोचून काही तासांत संपतो. म्हणून नळावरचं प्रमाण ठरवताना घरातल्या कॅनपासून मागे हिशेब करायला हवा. तसं घरोघर जाऊन तपासायला माणसं लागतात, आणि त्यांच्या पगारासाठी पैसे मिळवणं बोअरपेक्षा कठीण जातं. हे मला फार खुपतं.

त्या बाईच्या कॅनमध्ये आम्ही बारीक खडे आणि क्लोरीनचं पाणी घालून तो दोघींनी मिळून खळखळून हलवला. तीन वेळा हिरवं पाणी निघालं, चौथ्यांदा स्वच्छ.

तर, काय पाठवू म्हणून विचारलंत, तर वीस लिटरचे कॅन. आणि जादाची झाकणं. तीच आधी हरवतात.