तुम्ही विचारलंत म्हणून: रोझाबाई खरंच दमल्या होत्या का?

मी इतिहास शिकवते, त्यामुळे हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच, परवा तर एका पालकांनीच विचारलं, की मॅडम ती अमेरिकेतली शिवणकाम करणारी बाई पाय दुखत होते म्हणून बसमधे गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही, तिला अटक झाली आणि त्यातनं रंगभेदाविरुद्ध एवढी चळवळ उभी राहिली, हे खरं का? म्हटलं एकदा लिहूनच टाकते.

पाय दुखत होते म्हणून नाही हो. 1 डिसेंबर 1955, अलाबामातलं माँटगोमेरी, रोझा पार्क्स 42 वर्षांच्या. रोजच्यापेक्षा जास्त काही दमले नव्हते असं त्यांनीच नंतर सांगितलंय. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचं काम त्या बारा वर्षं करत होत्या. आणि 1943 मधे ज्या ड्रायव्हरने त्यांना बसमधून उतरवलं होतं, नेमका तोच त्या दिवशीही होता.

बसमधे पुढच्या 10 सीट गोऱ्यांच्या, रिकाम्या असल्या तरी. काळ्या माणसाने पुढून चढून पैसे टाकायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने परत चढायचं, आणि कधीकधी तो तिथे पोचायच्या आत ड्रायव्हर बस काढायचा, पैसे गेले ते गेलेच.

पण मला कुणी विचारतच नाही ती बाई म्हणजे जो अ‍ॅन रॉबिन्सन. इंग्रजीच्या प्राध्यापिका. 1949 च्या ख्रिसमसच्या सुट्टीत जवळजवळ रिकाम्या बसमधे चुकून पुढे बसल्या तर ड्रायव्हर ओरडत अंगावर आला, बाई रडत उतरल्या. पुढे विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि मे 1954 मधेच मेयरला पत्र लिहिलं की सुधारा, नाहीतर लोक बसवर बहिष्कार टाकायच्या गोष्टी करतायत. म्हणजे रोझाबाईंच्या अटकेआधी दीड वर्ष!

अटकेची बातमी कळल्यावर त्याच रात्री रॉबिन्सनबाई कॉलेजात गेल्या, एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत, आणि सायक्लोस्टाइल मशीनवर सोमवारी बसमधे बसू नका अशी हजारो पत्रकं काढली, एका कागदावर तोच मजकूर तीनदा, मग कापायचं. माझी आई शाळेचे पेपर असेच काढायची, एक अक्षर चुकलं की तो गुलाबी फ्लुइड, आणि घरी यायची ती काळी बोटं घेऊन, त्यामुळे ती रात्र मला डोळ्यासमोर दिसते. पहाटे चारला काम संपलं आणि आठ वाजता बाईंचं लेक्चर होतं. कॉलेज सरकारी, कळलं असतं तर नोकरी गेली असती.

सोमवारी 5 डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. त्याच दुपारी 26 वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंगना नव्या संघटनेचं अध्यक्ष केलं, म्हणजे ते आले तेव्हा बहिष्कार सुरू झालेला होता. आणि सुरुवातीच्या मागण्या तरी केवढ्याशा, ड्रायव्हरनी नीट बोलावं, काळ्यांच्या रूटवर काळे ड्रायव्हर घ्यावेत, काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं, पण बसल्यावर कुणाला उठवू नये. वेगळं बसवणंच बंद करा असं मागितलंच नव्हतं! पण शहराचे अधिकारी आणि बस कंपनी त्यावरही नाहीच म्हणाले तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, आणि लोक 381 दिवस चालत राहिले, कुणी शेअर गाड्यांतून गेले.

शेवटी ज्या केसमुळे बसमधला भेद गेला त्यात रोझाबाईंचं नावच नाहीये. चार दुसऱ्या बायका होत्या, त्यातली एक क्लॉडेट कॉल्विन, जी मार्च 1955 मधे, रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, अशीच उठली नव्हती. वय 15, म्हणजे माझ्या दहावीच्या वर्गातल्या मुलींएवढी.