पंगोटच्या बांजवनातली कावळ्यांची भावकी

काठगोदामला रेल्वेतून उतरून नैनिताल गाठलं की पंगोट पंधराएक किलोमीटरवर. पण वाटेत किलबरीचं जंगल लागलं आणि मी गाडी थांबवायला सांगितली. बांजाची, म्हणजे इथल्या ओकची, दाट झाडी आणि तिच्यातून येणारं कर्कश खरखरणं. ‘जे’ पक्षी! कावळ्याच्या कुळातले, पण आपल्या सह्याद्रीत न सापडणारे. त्यांच्यासाठीच तर कुमाऊँत आलो होतो.

आधी दिसला काळ्या डोक्याचा जे. डोक्यावर तुरा, गळ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा आणि पंखावर निळ्या-काळ्या बारीक पट्ट्या. दुर्बिणीतून त्या पट्ट्यांवरून नजर हटेना. पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विखुरतो आणि निळाई दिसते.

पुढच्या वळणावर युरेशियन जे भेटला. गुलाबीसर तपकिरी अंग, चोचीपासून खाली उतरलेली काळी मिशी. तो जमिनीवर आला आणि कावळ्याशी असलेला फरक लगेच कळला. कावळा एकेक पाऊल टाकत रुबाबात चालतो, हा टुणटुण उड्या मारत जातो. चोचीत बांजाचं फळ होतं. पाचोळा बाजूला करून त्याने ते मातीत खुपसलं, वर पानं ओढली आणि उडाला. उडताना कमरेचा पांढरा डाग लख्ख चमकला. हिवाळ्याच्या बेगमीसाठी एकेक जे अशी हजारो फळं पुरतो. बहुतेक जागा त्याच्या लक्षात राहतात. उरलेल्या फळांतली काही रुजतात. अन्न दडवून ठेवायची सवय कावळ्यांनाही आहे, पण जंगल वाढवण्याचं एवढं मोठं काम मी तरी जेच्याच नावावर मांडेन.

सातताल बरंच खाली आहे. तिथे याच भावकीतला लाल चोचीचा नीळा मॅगपाय दिसला. शेपूट इतकी लांब की फांद्यांतून ती सांभाळत वळावं लागतं. करडा टकाचोरही तिथेच होता. आपल्याकडच्या तांबूस टकाचोराचा हा सख्खा भाऊबंद, त्यामुळे अगदी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. डोमकावळे मात्र दोन्हीकडे होते, ढाब्यांच्या आसपास, माणसांना अजिबात न बिचकता.

कुणी जाणार असाल तर पंगोट आणि सातताल दोन्हीकडे मुक्काम करा. उंची बदलली की भावकीतली मंडळीही बदलतात. आणि किलबरीचा रस्ता सकाळी पायीच फिरा.