आमच्या दुकानाचं टार्टन

सासऱ्यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत शिवणकामाचं दुकान टाकलं. कापड बेतायला ते सोलापुरात शिकले, पण इथे घर चाललं ते दुरुस्तीवर. पँटची उंची, कोटाचं अस्तर आणि किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा चुणीदार घागरा. किल्ट खालून कापून दुमडत नाहीत, कारण त्याची खालची कड म्हणजे विणतानाचा मूळ काठ असतो, आपल्या लुगड्यासारखाच. कंबर सैल करायची तर पट्टे आणि बकलं सरकवायची. अशी पन्नास वर्षं बाबांनी दुसऱ्यांच्या घराण्यांची टार्टनं, म्हणजे किल्टच्या कापडावरचे ठरावीक रंगांचे चौकडे, सांभाळली. म्हणून दुकानाची पन्नाशी आली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, आता आपलं स्वतःचं टार्टन करू या."

"अगं, ते त्यांच्या कुळांचं असतं. आपण कोण लागून गेलो?"

धास्ती मलाही होती. मग वाचायला बसले. जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या बंडानंतर १७४६च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या किल्ट-टार्टनच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ साली उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा थाट मांडला आणि टार्टनची लाट आली. अमुक कुळाचं अमुकच टार्टन, हे बरंचसं त्या शतकात पक्कं झालं. आज तर सरकारी नोंदवहीच आहे, स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स, २००९ पासून. तिच्यात कुळांबरोबर गावांची, संस्थांची आणि धंद्यांचीही टार्टनं नोंदवतात. हे कळल्यावर बाबा म्हणाले, "मग दुकानाच्या नावाने कर. आडनाव नको." तिथे त्यांचं ऐकलं, आणि बरं केलं. नावाशी आपला संबंध दाखवावा लागतो. दुकान आमचंच, त्यामुळे ते सोपं गेलं.

रंग शोधायला लागले नाहीत. बाबांच्या आईचं इरकल ट्रंकेत होतं, गर्द हिरवं, लाल काठाचं, काठात पिवळी रेघ. चौथा रंग राखाडी, ग्लासगोच्या आभाळाचा. टार्टनमध्ये ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, जो क्रम तोच बाण्याला, म्हणजे आडव्यांना, म्हणून चार रंगांतून दहा छटा दिसतात: चार शुद्ध, सहा मिसळीच्या. हा क्रम आकड्यांत लिहितात, प्रत्येक रंगाचं इंग्रजी अक्षर आणि पुढे धाग्यांची संख्या. निळ्याला, म्हणजे 'ब्लू'ला बी, म्हणून काळ्याला, 'ब्लॅक'ला, शेवटचं के. संगणकावर चौकडा मांडता येतो, तरी मी आधी चौकटीच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी काढला. नोंदवहीत शोधल्यावर माझा पहिला आराखडा आधीच्या एका टार्टनच्या फारच जवळ निघाला. नवं टार्टन वेगळं असावंच लागतं. वाईट वाटलं, पण राखाडी पट्टा दुभंगून मध्ये लाल घातला आणि तो पहिल्यापेक्षा देखणा झाला.

खरी अडचण विणताना आली. एका छोट्या विणकराकडून नमुना मागवला, तर पिवळी रेघ दिसेचना. मी तिला दोनच धागे दिले होते. बाबांनी तुकडा खिडकीशी धरला, भिंग लावलं आणि मला जवळ बोलावलं. ट्विलची वीण, बाण्याचा धागा दोन ताण्यांवरून, दोनांखालून, आणि दर ओळीला एक घर पुढे. त्यामुळे पिवळा हिरव्यावरून जातो तिथे अर्धा पिवळा, अर्धा हिरवा, लांबून नुसता शेवाळी. निखळ पिवळा फक्त पिवळ्यावर पिवळा पडतो तिथे, म्हणजे दोन बाय दोन धाग्यांचा ठिपका. "आईच्या काठात रेघ एकाच दिशेने होती," बाबा म्हणाले, "इथे तिला दोन्हीकडून जागा दे." दोनाचे सहा धागे केले. दुसरा नमुना आला तेव्हा ते काही बोलले नाहीत, ट्रंक उघडून इरकल काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली.

अर्ज ऑनलाइन होतो. रंगीत चित्र, धाग्यांचा हिशोब, रंगांची माहिती, नावामागचं कारण आणि आम्ही भरली तेव्हा ७० पाउंड फी. विणलेला तुकडा देणं सक्तीचं नाही, पण आम्ही दिला. आमचं टार्टन नुसतं चित्र राहू नये, असं फार वाटत होतं. एक सांगते, नोंद झाली म्हणजे मालकीहक्क मिळाला असं नाही, कॉपीराइटची बाब वेगळी. आम्हाला नोंदच हवी होती. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी कारणाच्या रकान्यातलं 'सोलापूर' बाबांनी दोनदा वाचलं.

मग कापड आलं. पहिलं जाकीट बाबांनी स्वतः बेतलं. चौकड्याचं कापड बेतायचं तर कात्री उशिरा लागते. पुढचे दोन भाग, खिसे, बाजूची शिवण, सगळीकडे पट्टा पट्ट्याला भिडायला हवा. टाचण्या लावायच्या, उलटून बघायचं, पुन्हा काढायच्या. सकाळ त्यातच गेली. दुपारी त्यांनी जाकिटाची बटणं लावून माझ्यासमोर धरलं. पिवळी रेघ डाव्या भागातून उजव्या भागात सरळ गेली होती, खिशावरूनसुद्धा.