लेखापरीक्षक लेख्याला: मेंढा गावची दोन दिवसांची फेरी

गडचिरोलीच्या बसस्थानकावर नुसतं ‘मेंढा’ म्हणू नका. ‘कोणता मेंढा?’ असा उलट प्रश्न येतो. ‘धानोऱ्याच्या अलीकडचा, लेखा गावाजवळचा’ असं सांगायचं. आपल्या जंगलातला बांबू ग्रामसभा स्वतः विकते, ते हे गाव. आम्ही हे एक बस चुकवून शिकलो. मी पतसंस्थांचं ऑडिट करतो, त्यामुळे ‘लेखापरीक्षक निघाले लेख्याला’ हा विनोद घरातून निघाल्यापासून मेव्हण्याच्या तोंडी होता. तो पुण्याला परत येईपर्यंत संपला नाही.

नागपूरहून येणार असाल तर एसटीनं उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोली गाठायला चार-साडेचार तास धरा. रेल्वेनं यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या वडसा (देसाईगंज) स्टेशनला उतरा, पुढे पन्नासेक किलोमीटर बस. मुक्काम गडचिरोलीतच करावा. तिथून धानोरा रस्त्यानं चातगाव ओलांडून तीसेक किलोमीटरवर मेंढा. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना जंगल.

पहिल्या दिवशी आम्ही न कळवता गेलो, ही आमची चूक. गावात दोन म्हातारे, काही पोरं आणि कोंबड्या. बाकी सगळे कामावर. ‘उद्या या, आज रात्री विचारतो सगळ्यांना,’ असं एकानं सांगितलं. तेव्हा थोडा राग आला होता. पण बाहेरच्या माणसाला गाव दाखवायचं की नाही, हेसुद्धा हे गाव मिळून ठरवतं. तर आधी निरोप पाठवा, कशासाठी येताय ते नीट सांगा, आणि होकार आला तरच निघा.

मी गेलो होतो एका कागदासाठी: बांबूचा वाहतूक परवाना, ज्याला इकडे सगळे ‘टीपी’ म्हणतात. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. गरिबी मालाच्या कमतरतेमुळे नव्हती. इथला बांबू वर्षानुवर्षं सरकारी करारानं कागद कारखान्याकडे जायचा. गोंड माणसाला मिळायची तोडाईची मजुरी, आणि त्यानं स्वतः चार बांबू विकायला नेले तर वनगुन्हा. २००६च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे मध-मोहासारखा, गावानं गोळा करून विकायचा माल. ऑगस्ट २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी गाडी अडलीच. वनखात्याचं म्हणणं, बांबू म्हणजे इमारती लाकूड, टीपी आम्हीच देणार. म्हणजे सातबारा तुमच्या नावावर, पण ऊस कारखान्याला घालायचा की नाही ते तलाठी ठरवणार! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या हंगामात बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. जंगल तेच होतं आणि तोडणारे हातही तेच. बदलली ती फक्त परवान्यावरची सही.

दुसऱ्या दिवशी एक काका आम्हाला जंगलात घेऊन गेले. बांबूच्या बेटापाशी थांबून त्यांनी एका दांड्यावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. ‘हा औंदाचा. याला हात नाही लावाचा.’ मग शेजारचा जुना, हिरवा-पिवळा दांडा दाखवला. जमिनीपासून वीतभर उंचीवर, गाठीच्या अगदी वर घाव घालायचा. दोन गाठींच्या मध्ये तोडलं तर खुंटाची वाटी होते, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि बेट कुजतं. मजुरीवर तोडणाऱ्याला ही वाटी दिसत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला तिथे यायचं नसतं. मी ऑडिटमध्ये वीस वर्षं ‘हितसंबंध’ हा शब्द लिहीत आलोय. तो इतका स्वच्छ कुणी समजावला नव्हता.

संध्याकाळी हिशेबाच्या वह्या पाहिल्या. मला खरं तर तेवढंच पाहायचं होतं. या गावानं फार आधीपासून पाळलेली रीत अशी की मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात. पैसा मोठा झाला तेव्हा ठेवायची सवय आधीच होती. निर्णय मतदानानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचाही नकार असेल तर विषय पुढच्या सभेत. ‘मग कामं तुंबत नाहीत का?’ असं मी विचारलं. ‘तुंबतात ना,’ एक ताई म्हणाल्या आणि हसल्या. गावातले देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी ऐंशीच्या दशकापासून अभ्यासगटांतून ही रीत गावाबरोबर घडवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तेव्हाची.

भारावून मात्र जाऊ नका. तेंदूचंच घ्या. मे महिन्याच्या उन्हात बायका सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, पण विडी वळली जाते सोलापूर-सिन्नरकडे आणि भाव व्यापारी ठरवतात. हक्क मिळाला, तरी मालावरची पुढची प्रक्रिया जिल्ह्याबाहेरच राहिली. आज जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक हक्क आहेत. सगळ्यांकडे मेंढ्यासारख्या वह्या असतील असं समजू नका. जमिनीचं काय, या प्रश्नावर मेंढ्यानं २०१३ मध्ये ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी गावाच्या नावे करण्याचा मार्ग धरला. हेतू हा की अडचणीत सापडलेल्या माणसाची जमीन बाहेरच्याच्या घशात जाऊ नये. कायदा १९६४चा, तरी कचेरीत तो कुणाला आठवेना, अशी तिथली गोष्ट.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला पहाटेच सगळे बाहेर, मेमध्ये तेंदू, तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. पावसाळ्यात आणि नंतरही मलेरियाची भीती, त्यामुळे मच्छरदाणी आणि अंगभर कपडे हवेतच. ओळखपत्र जवळ ठेवा, वाटेत पोलीस विचारू शकतात. सुटे पैसे ठेवा. घरात बोली गोंडी, तुमच्याशी मराठी बोलतील. ‘नाचून दाखवा’ म्हणू नका. आमच्याआधीच्या कुणीतरी म्हटलं होतं आणि गावाला ते अजून आठवतं. दारू घेऊन तर मुळीच जाऊ नका. आणि बांबूचे भाव, मजुरी, उरलेली रक्कम असे प्रश्न लिहून न्या, ‘विकास म्हणजे काय’ असले नको.

एक दिवस हाताशी असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहा. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला. त्यांनी तेंदू तोडणंच बंद केलं, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात आणि वणवे लावले जातात. हाती येणारा पैसा सोडणारी ग्रामसभा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

निघताना धानोऱ्याच्या बाजारात मेव्हण्यानं एक मोठं बांबूचं सूप घेतलं. एसटीत ते कुठेच मावेना. शेवटी मांडीवर उभं धरून बसला. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता सुपाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘टीपी आहे का?’ मागच्या सीटवरच्या दोन बायका इतक्या हसल्या की मेव्हण्याचा विनोद तिथून पुण्यापर्यंत दुसऱ्या क्रमांकावर राहिला.